‘आमचं पेज कोनं बदलवलं जी?’ : वर्डप्रेसमध्ये ज्याचं पेज त्याच्याच हाती ठेवताना

कापसाचा सीझन लागला की आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या वेबसाइटबद्दल दोन तक्रारी सुरू होतात. घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्रावरून फोन येतो, “भाऊ, आमचं पेज उघडूनच नाही राह्यलं. भाव कुठं टाकू?” ती निस्तरते न निस्तरते तोच पांढरकवड्याहून, “आमचं पेज कोनं बदलवलं जी? आर्णीचा भाव आमच्या नावानं दिसून राह्यला. लोकं गाड्या भरून आनून राह्यले न इथं!”

या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून सोडवल्या की त्या हमखास परत येतात, कारण दुसरी पहिलीच्या इलाजातूनच निघते. ज्याला पेज उघडत नाही त्याला कोणीतरी घाईत ‘एडिटर’ करून टाकतं. त्याचं काम होतं, पण त्याच क्षणी साइटवरची सगळी पेजेस त्याच्यासाठी उघडी पडतात. मग यादीत वरचं-खालचं पेज उघडून भाव टाकायला कितीसा वेळ लागतो? सकाळी काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना कोणी शीर्षक वाचत बसत नाही.

आमच्या साइटवर प्रत्येक केंद्राचं एक पेज आहे. आजचा भाव, ओलाव्याची अट, काटा किती वाजता सुरू, बारदाना आहे की संपला, एवढाच मजकूर. पण सीसीआयच्या (कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या पुढे गेला की भाव कापतात आणि १२ च्या पुढे कापूस घेतच नाहीत. त्यामुळे पेजवर एक आकडा चुकला तरी एखाद्याची गाडीभाड्यासकट फेरी वाया जाते. तुमच्याकडे केंद्रांच्या जागी शिक्षण संस्थेच्या शाळा असतील किंवा पतसंस्थेच्या शाखा, तरी दुखणं हेच असणार.

दुखणं कुठं आहे

वर्डप्रेसमध्ये ‘हे पेज या माणसाला’ असं सांगायची सरळ सोय नाही. मुळात मिळतात ते रोल: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर. त्यातला ऑथर सगळ्यात फसवा. लिहिणाऱ्याला हाच द्यावा असं कोणालाही वाटेल, पण ऑथरला फक्त पोस्ट लिहिता येतात. पेजेसना तो हात लावू शकत नाही, डावीकडच्या मेनूत त्याला ‘पेजेस’ दिसतसुद्धा नाही. त्याच्या वरचा एडिटर मात्र सगळ्यांची सगळी पेजेस बदलू शकतो, काढूनही टाकू शकतो. मधली पायरीच नाही, आणि केंद्रावरच्या ऑपरेटरला नेमकी ती मधलीच हवी असते.

रोल म्हणजे शेवटी परवानग्यांचा गठ्ठा. आपल्या कामाच्या चार: ‘एडिट पेजेस’ने स्वतःची पेजेस लिहिता येतात, ‘पब्लिश पेजेस’ने ती साइटवर चढवता येतात, ‘एडिट पब्लिश्ड पेजेस’ने चढवल्यानंतरही बदलता येतात, आणि ‘एडिट अदर्स पेजेस’ने दुसऱ्याची बदलता येतात. यातलं ‘स्वतःचं’ कोणतं हे ठरतं पेजच्या ऑथर या रकान्यावरून (ऑथर नावाचा रोल वेगळा, हा रकाना वेगळा, दोन्हींत गल्लत करू नका). हे सातबाऱ्यासारखं आहे. वाही कोण करतो याच्याशी घेणं नाही, नाव कोणाचं चढलंय ते बघतात. साइट बनवून देणाऱ्या पोरानं सगळी पेजेस आपल्याच ॲडमिन खात्यातून तयार केलेली असतात, म्हणून सगळ्यांवर त्याचंच नाव. घाटंजीच्या ऑपरेटरसाठी घाटंजीचं पेजसुद्धा दुसऱ्याचं ठरतं. ते उघडून द्यायला ‘एडिट अदर्स पेजेस’ द्यावं लागतं, आणि ते दिलं की आर्णी, मारेगाव, वणी, सगळंच उघडतं.

फोनवर आधी हे विचारा

कोणाचाही आयडी-पासवर्ड मागू नका. समोरच्याला स्क्रीनवर काय दिसतंय ते बोलायला लावलं तर बहुतेक वेळा निदान फोनवरच होतं.

“पेजेस असं कुठंच लिहून नाही” म्हणत असेल तर त्याचा रोल ऑथर, कॉन्ट्रिब्युटर किंवा सबस्क्रायबर आहे. पेज यादीत दिसतं पण नावावर क्लिक होत नाही, नुसतं काळं अक्षर आहे, असं असेल तर रोल ठीक आहे, पेजचा ऑथर दुसरा आहे. “काल ड्राफ्ट होतं तवा उघडत होतं, पब्लिश केलं न बंद झालं” ही तक्रार ऐकायला विचित्र वाटते, पण तिचं कारण एकच असतं: रोलमध्ये ‘एडिट पब्लिश्ड पेजेस’ द्यायचं राहिलंय. आणि पासवर्ड बरोबर असून डॅशबोर्डच (लॉगिननंतरचं आतलं पान) उघडत नसेल, परवानगी नसल्याचा संदेश येत असेल, तर हाताने बनवलेल्या रोलमध्ये ‘रीड’ ही साधी परवानगी आहे का ते बघा. ती इतकी किरकोळ दिसते की टिक करायची राहून जाते.

दोन तक्रारी परवानगीच्या वाटतात पण नसतात. एक, “दुसरा माणूस हे पेज एडिट करतोय” असा फलक येणं. हे कुलूप तात्पुरतं असतं. ज्याने पेज उघडलंय त्याचा ब्राउझर दर थोड्या वेळाने सर्व्हरला हाक देत राहतो. लाइन गेली, रेंज गेली किंवा लॅपटॉप मिटला की ती हाक थांबते आणि १५० सेकंदांनी कुलूप आपोआप सुटतं. म्हणजे तीन मिनिटं थांबा, चहा घ्या. तरीही फलक जात नसेल तर कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर ते टॅब खरंच उघडं आहे. पण हा फलक घाटंजीच्या पेजवर मारेगावच्या माणसाच्या नावाने आला, तर तो फुकटात मिळालेला पुरावा समजा: मारेगाववाल्याच्या हाती नको ती परवानगी आहे.

दुसरी तक्रार: भाव बदलला, सेव्हही झाला, पण लोकांना जुनाच दिसतो. हा कॅशचा (पेजच्या साठवलेल्या प्रतीचा) प्रकार. ऑपरेटर लॉगिन असल्याने त्याला नवा भाव दिसतो, बाहेरच्याला साठवलेलं जुनं पेज जातं. लॉगिन नसलेल्या मोबाइलवर उघडून बघायला सांगा. यात रोलला हात लावायचं काहीच कारण नाही. “चालून नाही राह्यलं” एवढं ऐकून पुष्कळ जण इथेच एडिटर करून मोकळे होतात.

आता “कोनं बदलवलं” याबद्दल. आधी पेज पूर्ववत करा, चौकशी मागाहून. पेज उघडून रिव्हिजन्समध्ये गेलं की आधीच्या आवृत्त्या तारीख-वेळ आणि बदलणाऱ्याच्या नावासह दिसतात. बरोबर असलेली निवडून रिस्टोअर करायची. वर्डप्रेस रिव्हिजन्सची संख्या स्वतःहून मर्यादित करत नाही, पण काही जण जागा वाचवायला त्या बंद करून ठेवतात. तुमच्या साइटवर त्या सुरू आहेत का ते सीझनच्या आधीच बघा. सगळ्या रिव्हिजन्सवर ‘ॲडमिन’ एवढंच नाव दिसलं तर कोणी बदललं हे कधीच कळणार नाही, कारण अख्खी कंपनी एकाच लॉगिनवर चालली आहे.

खाती

ते एक लॉगिन व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पिन करून ठेवलेलं असतं, हे वेगळं सांगायला नको. तोडायचं तर प्रत्येक माणसाला स्वतंत्र खातं द्यावं लागतं. केंद्राच्या नावाने खातं काढायचा मोह होतो, म्हणजे ऑपरेटर बदलला तरी काही करायला नको. मी त्याच्या विरोधात आहे. तसं खातं दोन महिन्यांत चौघांना माहीत होतं आणि आपण पुन्हा तिथेच येऊन पोचतो.

अडचण ईमेलची येते. वर्डप्रेसला प्रत्येक खात्याला वेगळा ईमेल लागतो, आणि केंद्रावरच्या पुष्कळांकडे वापरातला ईमेल नसतो. ते ऑफिसचाच देतात आणि ‘हा पत्ता आधीच नोंदलेला आहे’ असं उत्तर येतं. ऑफिसचा पत्ता जीमेलचा असेल तर ॲटच्या खुणेआधी अधिकचं चिन्ह आणि पुढे माणसाचं नाव जोडा. वर्डप्रेसला तो पत्ता वेगळा वाटतो, टपाल मात्र त्याच इनबॉक्समध्ये येतं. पासवर्ड रिसेटच्या चिठ्ठ्याही ऑफिसातच येतात, आणि ते एका परीने सोयीचंच आहे.

मधला रोल

यूजर रोल एडिटर किंवा मेंबर्स, दोन्हींपैकी कोणतंही प्लगइन (वर्डप्रेसला जास्तीची सोय जोडणारा प्रोग्राम) चालेल. नवा रोल बनवा, नाव द्या ‘केंद्रचालक’. त्यात रीड, एडिट पेजेस, एडिट पब्लिश्ड पेजेस, पब्लिश पेजेस आणि अपलोड फाइल्स. शेवटची परवानगी नसेल तर भावफलकाचा फोटो टाकता येणार नाही. ‘एडिट अदर्स पेजेस’ द्यायची नाही, हा सगळ्याचा गाभा. ‘डिलीट पब्लिश्ड पेजेस’ही देऊ नका, म्हणजे स्वतःचं पेजसुद्धा चुकून ट्रॅशमध्ये जाणार नाही.

एक गोष्ट या रोलमध्ये राहतेच: ‘एडिट पेजेस’ असलेल्याला नवी पेजेसही बनवता येतात. दिवाळीच्या सुमारास ‘नवीन भाव’, ‘नवीन भाव २’ अशी पेजेस उगवलेली दिसली तर दचकू नका. ती काढून टाका आणि फोन करून जुनंच पेज बदलायचं असतं हे सांगा.

मग प्रत्येक पेजचा ऑथर बदला. ॲडमिनने लॉगिन करून पेजेसच्या यादीत ‘क्विक एडिट’ घेतलं की ऑथरचा रकाना दिसतो. त्या यादीत माणसाचं नाव येत नसेल तर त्याचा रोल बहुधा अजून सबस्क्रायबरच आहे. आधी ‘केंद्रचालक’ करा, मग यादी बघा. ऑपरेटरला सगळ्या पेजेसची नावं दिसत राहतील, पण क्लिक होईल ते फक्त त्याचं.

झालं म्हणून सोडून देऊ नका, तपासा. यूजर स्विचिंग हे प्लगइन असेल तर ॲडमिनला पासवर्ड न मागता त्या माणसाच्या नजरेने साइट बघता येते. स्वतःचं पेज उघडून एक शब्द बदला. मग ब्राउझरच्या वरच्या पत्त्यात पेजचा क्रमांक असतो, तो बदलून दुसऱ्या केंद्राचा टाका. परवानगी नसल्याचा संदेश आला पाहिजे. ही शेवटची तपासणी टाळू नका, कारण काही प्लगइन्स नुसता मेनू लपवतात. मेनू लपला तरी पत्ता ठाऊक असलेल्याला पेज उघडतंच, आणि केंद्रावरच्या पोरांच्या ब्राउझर हिस्टरीत तो पत्ता असतोच असतो.

एका पेजवर दोघं आले की

इथवरचं सगळं एक पेज, एक माणूस यावर उभं आहे, कारण ऑथरच्या रकान्यात एकच नाव मावतं. वणीच्या केंद्रावर सकाळी ऑपरेटर ताई भाव टाकतात आणि संध्याकाळी संचालक दादा दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीची सूचना टाकतात. आता काय? पुष्कळ ठिकाणी इथेच धीर सुटतो आणि दादांना एडिटर केलं जातं. ते संचालक पडले, त्यांना नाही कसं म्हणायचं! वर्तुळ पुन्हा सुरू.

प्लगइनचा मार्ग आहे. पब्लिशप्रेस परमिशन्स किंवा यूजर रोल एडिटरची पैसे भरून मिळणारी आवृत्ती अशांमध्ये माणसागणिक पेजेस नेमून देता येतात. कोणती सोय फुकट आणि कोणती विकत, हे त्या-त्या प्लगइनच्या पानावर वाचूनच घ्या. प्लगइनला दरवर्षी पैसे लागतात आणि कंपनीच्या बैठकीत तो खर्च दरवर्षी नव्याने पटवावा लागतो, हेही धरून चला.

दुसरा मार्ग थोड्या कोडचा. पेजला एक कस्टम फील्ड (जास्तीचा रकाना) जोडायचं आणि त्यात परवानगी असलेल्यांचे यूजर क्रमांक ठेवायचे. मग ‘मॅप मेटा कॅप’ या फिल्टरमध्ये (वर्डप्रेस परवानगी तपासतं तिथे आपला कोड घालायची जागा) बघायचं: विचारणा या पेजबद्दल आहे आणि माणूस यादीत आहे, तर ‘एडिट अदर्स पेजेस’ मागू नको, ‘एडिट पब्लिश्ड पेजेस’वर भागव. कोड लिहून देणाऱ्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा. एक, विचारणा ‘एडिट पेज’ आणि ‘एडिट पोस्ट’ अशा दोन्ही नावांनी येते. पेज असलं तरी वर्डप्रेस बहुतेक ठिकाणी ‘एडिट पोस्ट’ असंच विचारतं. फक्त पहिलं नाव तपासणारा कोड अर्धवट चालतो आणि डोकं खातो. दोन, फील्डचं नाव अंडरस्कोअरने सुरू करा, म्हणजे ते कस्टम फील्ड्सच्या चौकटीत दिसत नाही आणि यादीतला माणूस तिथून आणखी कोणाला आत घेऊ शकत नाही. तीन, कोड थीमच्या (साइटच्या दिसण्याचा साचा) फंक्शन्स फाइलमध्ये ठेवू नका. तो ‘एमयू प्लगइन्स’ या फोल्डरमध्ये जाऊ द्या.

दुसऱ्या माणसाला आपलं पेज ‘माइन’ या यादीत सापडत नाही, कारण ती यादी ऑथरच्या नावाने चालते. दादांच्या मोबाइलवर त्या पेजच्या एडिटची लिंक बुकमार्क करून द्या. नाहीतर सगळं नीट चालू असताना “दिसून नाही राह्यलं” हा फोन येणारच.

सगळं बसवलं तरी पुन्हा का बिघडतं

थीम बदलली किंवा अपडेट झाली की तिच्या फंक्शन्स फाइलमधला कोड जातो. परवानग्या रातोरात नाहीशा झाल्या असतील तर पहिला संशय यावर घ्या.

याच्या उलट, रोल आणि त्यातल्या परवानग्या डेटाबेसमध्ये लिहिल्या जातात. प्लगइन काढून टाकलं तरी त्याने दिलेल्या परवानग्या तशाच राहतात. कोणीतरी मागच्या हंगामात ऑथर रोललाच ‘एडिट अदर्स पेजेस’ चिकटवलं असेल, तर प्लगइन गेल्यावरही तो ऑथर सगळी पेजेस उघडत राहील आणि तुम्ही डोकं धरून बसाल. रोल कोडमधून बनवला असेल तर आणखी एक मेख: ‘ॲड रोल’ ही आज्ञा रोल आधीच अस्तित्वात असेल तर काहीच करत नाही. कोडमधली परवानग्यांची यादी कितीही बदला, साइटवर पहिल्या दिवशीचीच चालते. आधी रोल काढून पुन्हा घालावा लागतो किंवा ‘ॲड कॅप’ने एकेक परवानगी वाढवावी लागते.

तिसरं कारण सापडायला सगळ्यात कठीण. एका माणसाला एकापेक्षा जास्त रोल असू शकतात आणि त्यांच्या परवानग्यांची बेरीज होते. वर्डप्रेसच्या मूळ यूजर फॉर्ममध्ये मात्र रोल निवडायला एकच रकाना आहे. तिथे ‘केंद्रचालक’ दिसतो आणि मागे एडिटर जिवंत असतो. यूजर रोल एडिटरमध्ये त्या माणसाचं पान उघडून इतर रोल आणि त्याला व्यक्तिशः दिलेल्या परवानग्या, दोन्ही बघा.

आणि हंगाम संपल्यावर ऑपरेटर बदलतो. जुन्याचं खातं डिलीट करताना वर्डप्रेस विचारतं, याचा मजकूर डिलीट करायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा. इथे घाईत पहिलं उत्तर दिलं की केंद्राचं पेजच साइटवरून जातं. मी तर खातं डिलीट करूच नका म्हणेन. पेजचा ऑथर नव्या माणसाच्या नावे करा आणि जुन्याचा रोल ‘या साइटसाठी रोल नाही’ असा ठेवा. रिव्हिजन्समध्ये त्याचं नाव शाबूत राहतं. ‘रिमेंबर मी’ टिक केलेलं लॉगिन १४ दिवस टिकतं, पण रोल काढला की लॉगिन शिल्लक असूनही पुढच्याच क्लिकला दार बंद होतं.

बघण्याची परवानगी

तुरीची खरेदी सुरू झाली की मागणी येते: पेमेंटची यादी साइटवर टाका, पण फक्त सभासदांना दिसू द्या. हे बदलण्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे. ‘प्रायव्हेट’ केलेलं पेज मुळात ॲडमिन, एडिटर आणि ज्याच्या नावे ते पेज आहे त्यालाच दिसतं. बाकी रोलना ‘रीड प्रायव्हेट पेजेस’ दिलं की त्यांना सगळीच प्रायव्हेट पेजेस दिसतात, त्यातलं एकच निवडता येत नाही. पासवर्ड लावलेलं पेज एकदा उघडलं की त्या ब्राउझरवर १० दिवस पुन्हा विचारत नाही, आणि तो पासवर्ड संध्याकाळपर्यंत गावभर होतो.

त्याहून मोठी गोष्ट: पेज कितीही बंद केलं तरी त्यात जोडलेली पीडीएफ अपलोड्सच्या फोल्डरमध्ये उघडी पडून असते. तिची थेट लिंक ज्याच्याकडे आहे त्याला ना लॉगिन लागत, ना पासवर्ड. त्या यादीत नाव, बँक खातं आणि रक्कम असते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, कोणाला किती चुकारा मिळाला हे चावडीवर वाचून दाखवायची गोष्ट नाही. असली यादी वर्डप्रेसवर चढवूच नका. चुकाऱ्याचा एसएमएस थेट सभासदाला पाठवा. आधी चढवलेली असेल तर पेज डिलीट करून थांबू नका, मीडिया लायब्ररीत जाऊन ती फाइलही कायमची डिलीट करा आणि तिची लिंक लॉगिन नसलेल्या मोबाइलवर उघडून खात्री करून घ्या.